हात थांबण्याआधी काय थांबले होते: जलरंगांत काम करणाऱ्या एका हौशी चित्रकर्तीचे प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधील एका हौशी चित्रकर्तीचे आहे. त्या एका खासगी रक्ततपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतात आणि गेली अकरा वर्षे नोकरी आणि घर सांभाळून जलरंगांत निसर्गचित्रे काढतात. त्यांचे नाव येथे देत नाही. आमच्या रविवारच्या गटात सगळेच त्यांना ताई म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरतो. मी स्वतः तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी सहा-सात हौशी मंडळींबरोबर घाटावर, नाही तर कोणाच्या तरी गच्चीवर चित्र काढायला बसतो. हे लिहिण्यापूर्वी ताईंची संमती घेतली आहे आणि लिहिताना त्यांची नोंदवही समोर ठेवली आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याला क्रमांक, तारीख, वेळ आणि शेरा लिहिण्याची त्यांना इतकी सवय आहे की चित्रांसाठीही त्यांनी तशीच वही केली: कागद कोणता, रंग कोणते, चित्र जागेवर बसून काढले की फोटोवरून, वेळ किती लागला आणि शेवटी एका ओळीचा शेरा. हौशी चित्रकाराच्या अडकण्याविषयी बोलताना एरवी आठवणींवरच भिस्त ठेवावी लागते आणि आठवण फसवते. येथे वही होती, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

शाळेत असताना ताईंनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या होत्या. पुढे विज्ञान शाखा, नोकरी, लग्न आणि मुलीचे संगोपन यांत रंग सुटले ते सुटलेच. अडतिसाव्या वर्षी मुलीच्या शाळेसाठी आणलेल्या कॅमलच्या रंगपेटीत सहज ब्रश बुडवला आणि तेव्हापासून त्या पुन्हा चित्रे काढू लागल्या. नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला जलरंगांसाठी विषय शोधत फिरावे लागत नाही. गोदावरीला येथे गंगाच म्हणतात आणि गंगेवर गेले की रामकुंड, गांधी तलाव, मोठ्या घंटेचे नारोशंकर मंदिर, काळ्या दगडाच्या पायऱ्या, धुणी, कबुतरे आणि पाण्यातली प्रतिबिंबे असे सगळे एका नजरेत मावते. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी हा परिसर इतका रंगवला आहे की घाटावर बसलेल्या हौशी माणसाच्या डोळ्यांपुढे समोरच्या दृश्याआधी एक तयार चित्रच उभे राहते. याचा ताईंच्या प्रकरणाशी थेट संबंध आहे.

तक्रार

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी काम आटोपून सगळे उठले, तरी ताई तशाच बसून राहिल्या. त्यांच्या पाटावर आकाशाचा एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, तेवढा मारलेला होता. त्या म्हणाल्या, "सर, आता हातच चालत नाही. कागद ताणून ठेवते, रेखाटन होते, पहिला वॉशही होतो. मग पुढे काय करायचे ते सगळे ठाऊक असते आणि ठाऊक असते म्हणूनच करावेसे वाटत नाही."

या वाक्याचा शेवटचा भाग मी त्या दिवशी नीट ऐकला नाही, याची मला आजही खंत वाटते. सगळे निदान त्यातच होते.

वहीप्रमाणे त्याआधीच्या अकरा महिन्यांत त्यांनी सत्तावीस कागद सुरू केले होते आणि त्यांपैकी चारच पूर्ण केले होते. मधल्या काळात त्यांनी हातावर हात ठेवून वाट पाहिली नव्हती. सेबल केसांचा महागडा ब्रश घेतला, दोन दिवसांची एक कार्यशाळा केली, तीस दिवसांत तीस चित्रे काढण्याचा संकल्प केला आणि तो नवव्या दिवशी थांबला. प्रत्येक उपायानंतर निराशा थोडी वाढली, कारण आता उपायही हरले असे त्यांना वाटू लागले. प्रथम मी त्यांची झोप, भूक, घरचे वातावरण आणि कामावरचे लक्ष यांविषयी विचारले. मनच खचलेले असेल, तर चित्रकलेच्या मास्तराने आपली मर्यादा ओळखून डॉक्टरांकडे जायला सांगावे, असे माझे ठाम मत आहे. तसे काही नव्हते. त्या उत्साहाने कामावर जात होत्या, नातेवाइकांत रमत होत्या. अडचण रंगपेटी उघडल्यावरच येत होती.

माझा चुकलेला उपाय आणि खराब झालेला कागद

मी शाळामास्तर असल्यामुळे पहिला उपाय शाळेतलाच सुचवला: रोज एक रेखाटन, विषय कोणताही, वेळ वीस मिनिटे. तीन आठवडे त्यांनी हे निष्ठेने केले. रेखाटने सफाईदार होती आणि त्यांत जीव नव्हता. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वहीत एकच शब्द लिहिला, "गृहपाठ". नियमितपणा हे ज्याची बैठक मोडली आहे त्याचे औषध आहे. ताईंची बैठक पक्की होती, त्या रोज बसतच होत्या. लक्षणाकडे न पाहता सरसकट औषध देण्याची ही चूक आपण शिकवणारे लोक फार सहज करतो.

मार्चच्या मध्यावर मी त्यांना अपूर्ण राहिलेले सगळे कागद घेऊन यायला सांगितले आणि ते उजेडात धरून पाहिले. तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली, जी मी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती. कित्येक कागदांवरच्या आकाशात बारीक गडद ठिपके उमटले होते आणि वॉशच्या कडा पसरण्याऐवजी जागच्या जागी शोषल्या गेल्या होत्या. चौकशी केल्यावर कळले, की दोन वर्षांपूर्वी त्यांनी तीनशे जीएसएमचे (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचे, म्हणजे जाड) सुती कागद एकदम बरेच घेतले होते आणि ते माळ्यावर, नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. जलरंगाच्या चांगल्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचा लेप दिलेला असतो. तो लेप रंगाचे पाणी थोडा वेळ वर धरून ठेवतो, म्हणूनच वॉश सरकवता येतो, कडा मऊ करता येतात, रंग उचलता येतो. दोन पावसाळ्यांच्या दमटपणात हा लेप खराब झाला की कागद टिपकागदासारखा पाणी पितो. पाण्याचा एक थेंब कागदाच्या कोपऱ्यावर टाकून पाहिला, तर तो मण्यासारखा उभा राहण्याऐवजी लगेच आत मुरून गडद डाग पडला.

ताई काही वेळ त्या डागाकडे पाहत राहिल्या. वर्षभर ज्या गोष्टीचा दोष त्या स्वतःच्या हाताला देत होत्या, तिच्यातला काही वाटा माळ्यावरच्या कागदाचा होता. मी हे मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण अडकलेला माणूस स्वतःचे मन कुरतडत बसतो आणि सामान कोणी तपासत नाही. कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, जमिनीपासून वर, हवा कोरडी असलेल्या कपाटात ठेवावा आणि पावसाळ्यानंतर एकदा थेंब टाकून पाहावा. पंचेचाळिशीनंतर चष्म्याचा नंबरही तपासावा. समोरचे दृश्य लांब आणि कागद जवळ, अशा दोन अंतरांवर डोळ्याला सतत ये-जा करावी लागते आणि जुन्या चष्म्याने छटांमधला सूक्ष्म फरक निसटतो.

मात्र कागद बदलूनही गाडे फार पुढे गेले नाही. नव्या कागदावर दोन चित्रे पूर्ण झाली. ती स्वच्छ होती आणि ताईंना ती मुळीच आवडली नाहीत.

जमिनीवर मांडलेली शहाऐंशी चित्रे

मार्चअखेरीस एका दुपारी ताईंच्या दिवाणखान्यातले सामान बाजूला सारून आम्ही, नव्या कागदावरची ती दोन सोडून, त्यांच्याजवळ असलेली सगळी पूर्ण चित्रे तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली. शहाऐंशी भरली. पहिल्या पाच वर्षांतली अडतीस होती आणि त्यांतली एकोणतीस जागेवर बसून काढलेली होती. पुढच्या चार वर्षांतली चव्वेचाळीस होती आणि त्यांतली केवळ सहा जागेवरची. अडकलेल्या वर्षातली चारही चित्रे मोबाइलमधल्या फोटोंवरून काढलेली होती.

पहिल्या रांगांतली चित्रे कच्ची होती. कळस कलले होते, पायऱ्यांचे यथार्थदर्शन चुकले होते, एका चित्रात तर नाव पाण्याच्या वर तरंगत होती. पण त्यांत पाहिलेल्या गोष्टी होत्या: ओल्या पायरीचा कोरड्या पायरीहून वेगळा काळेपणा, वाळत घातलेल्या नऊवारीतून येणारा लालसर उजेड, एका भिंतीवरचा शेंदूर. मधल्या रांगांपासून चित्रे सुधारत गेली होती आणि एकमेकांसारखी होत गेली होती. क्षितिजरेषा प्रत्येक वेळी वरून एक तृतीयांशावर, डावीकडे मंदिर, उजवीकडे लांब सावली, मध्ये पाठमोऱ्या दोन आकृती. सावली नेहमी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाची. हे मिश्रण चांगलेच आहे, निळा आणि मातकट नारिंगी एकमेकांना मारून सुरेख राखाडी देतात. पण प्रत्येक सावलीला तेच लागू लागले की सावली पाहण्याची गरज संपते.

मी मोबाइलवर त्या रांगांचे कृष्णधवल छायाचित्र काढले आणि ताईंना दाखवले. रंग काढून टाकल्यावर मधली चव्वेचाळीस चित्रे जवळजवळ एकाच मधल्या करड्या पट्ट्यात येत होती. खरा काळोख कोठेच नव्हता आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खरा पांढराही कोठे नव्हता. मी कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले, की एका प्रात्यक्षिकात पाहिल्यापासून त्या सुरुवातीलाच सगळ्या कागदावर यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, पातळ वॉश देतात. "कोऱ्या कागदाची भीती जाते," त्या म्हणाल्या. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच असतो. तो पहिल्याच मिनिटाला झाकला, की पुढे कितीही कौशल्य वापरले तरी परत येत नाही. भीती गेली होती, पण तिच्याबरोबर चित्रातला सगळ्यात उजळ स्वर, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्यांतली सगळ्यात वरची पायरी, गेला होता आणि तो गेला म्हणून गडद रंग लावण्याचे धैर्यही गेले होते. उजेड आणि अंधार एकमेकांच्या आधाराने उभे राहतात.

फोटोंचाही यात हात होता. आजचे मोबाइल कॅमेरे सावल्या आपोआप उजळतात आणि लख्ख उजेड दाबतात, म्हणजे दृश्यातले टोकाचे दोन स्वर आपण पाहण्याआधीच छाटले जातात. शिवाय फोटोत काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे आधीच ठरलेले असते. जागेवर बसलेल्या माणसाला ते तासभर स्वतः ठरवावे लागते आणि चित्र काढण्याचे निम्मे काम तेच आहे.

मग आम्ही वहीतले शेरे वाचले. मला वाटते, या प्रकरणाचा गाभा तेथे आहे. पहिल्या वर्षांत शेरे असे होते: "कळस तिरका गेला. पण सावलीत हिरवा होता, खरेच होता." मधल्या चार वर्षांत: "छान जमले. सर्वांना आवडले." "आत्याबाईंना भेट दिले." अखेरच्या वर्षात शेऱ्याची जागा बऱ्याचदा रिकामी होती. म्हणजे ताई अकरा महिन्यांपूर्वी थांबल्या नव्हत्या. चित्रे लोकांना आवडू लागली आणि प्रश्न संपले, तेव्हाच त्यांचे पाहणे थांबले होते. हात सवयीने आणखी चार वर्षे चालला आणि मग त्यानेही नकार दिला. अडकणे हा आजार आहे असे धरून आम्ही दोघे धावपळ करत होतो. प्रत्यक्षात त्यांची नजर हाताच्या पुढे गेली होती आणि जे चित्र आधीच माहीत आहे ते पुन्हा काढायला ती तयार नव्हती. मला या नकाराविषयी आदर वाटला आणि तसे मी त्यांना सांगितले.

नामवंतांनाही हे चुकलेले नाही. सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले, १९५६ मध्ये त्यांना तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि त्यांची निसर्गदृश्ये नावाजली गेली. तरी १९७० च्या दशकात त्यांना आपल्याच कामाविषयी असमाधान वाटू लागले. ते भारतात पुन्हा पुन्हा येत राहिले आणि लहानपणी शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक टिंब काढून त्याकडे एकटक पाहायला लावले होते, त्या आठवणीपाशी पोहोचले. १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रांत बिंदू आला. ताईंना मी ही हकिगत सांगितली ती तुलनेसाठी नव्हे. रझांनी चित्रांची संख्या वाढवून मार्ग काढला नाही, पाहण्याची जागा बदलली, एवढेच मला त्यातून दाखवायचे होते.

पातेले

आता प्रश्न असा होता, की ताईंच्या हाताला ज्याचे उत्तर येत नाही अशी वस्तू कोणती. ती घाटावर नसणार हे उघड होते. चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा ओट्यावर दुधाचे स्टीलचे पातेले घासून उपडे घातलेले होते आणि त्याच्या पोटावर खिडकी चमकत होती. मी म्हटले, "ताई, हे काढा. एकाच रंगात. वीस वेळा."

ही निवड सहज सुचली तरी तिच्यामागचे कारण पक्के होते. स्टेनलेस स्टीलला म्हणावा असा स्वतःचा रंग नसतो. सभोवतालची सगळी खोली त्याच्या वळणावर दाटून उमटते. त्यामुळे अगदी पांढऱ्या पट्ट्याला लागूनच अगदी काळा पट्टा येतो आणि मधल्या छटा अगदी थोड्या जागेत आटोपतात. म्हणजे ताईंच्या चित्रांतून जे दोन टोकाचे स्वर हरवले होते, त्यांच्यावाचून पातेले उभेच राहू शकत नाही. रंग एकच ठरवला, पेन्स ग्रे हा निळसर गडद करडा, कारण तो पाण्याने पातळ केल्यावर धुरासारखा फिका होतो आणि घट्ट लावल्यावर जवळजवळ काळा. यलो ऑकरसारख्या रंगाला कितीही घट्ट केले तरी ती खोली येत नाही. कागद साधा, भारतीय बनावटीचा, २२ बाय ३० इंचांच्या इंपीरियल कागदाचे आठ तुकडे करून. पहिला सरसकट वॉश द्यायचा नाही, एवढा एकच निर्बंध घातला.

पहिले सात कागद फसले. ताई पातेले करड्या रंगाने भरत होत्या, कारण स्टील करडे असते हे डोक्यात पक्के होते. चित्रातले भांडे जुन्या जर्मनच्या पातेल्यासारखे मलूल दिसे. आठव्या कागदाच्या दिवशी, त्या सांगतात, ओट्याशी उभ्या असताना त्यांना पातेल्याच्या पोटात खिडकीचे गज वाकलेले दिसले. पाच गज, मधला जवळजवळ सरळ आणि कडेचे दोन धनुष्यासारखे. गजांच्या मधल्या फटी कोऱ्या कागदाइतक्या पांढऱ्या होत्या. आणि या सगळ्याला लागून, काठाच्या खाली, दाराबाहेरच्या अंधाऱ्या बोळाची एक पट्टी होती, बोटभर रुंद आणि शाईसारखी काळी. त्यांनी पेन्सिलने फक्त त्या फटींच्या कडा आखल्या, तेवढा कागद सोडला आणि ती काळी पट्टी सगळ्यांत आधी, एका दमात भरली. जलरंग वाळल्यावर एक पायरी फिका होतो, म्हणून ओला असताना भीती वाटावी इतका गडद लावावा लागतो. तो तसा त्यांनी लावला. नंतर पातेल्याचे उरलेले अंग रंगवायला चार-पाच फटकारेच लागले. पातेले कागदावरून उचलून घ्यावे असे दिसू लागले. वहीत क्रमांक, तारीख, वेळ बावीस मिनिटे आणि शेरा: "काळे आधी. करडे नंतर पाहू."

वीसच्या ऐवजी एकतीस पातेली झाली. मध्येच त्यांनी शेजारी एक टोमॅटो ठेवला आणि स्टीलमध्ये पसरलेला त्याचा लाल डाग रंगवण्यासाठी दुसरा रंग मागितला. मी तो निर्णय त्यांच्यावरच सोडला, कारण अडकलेला माणूस जेव्हा आपण होऊन काही मागतो, तेव्हा शिकवणाऱ्याने मध्ये येऊ नये.

बुधवारचा बाजार

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ताईंची पाळी दुपारची होती, म्हणून बुधवारी सकाळी उशिरा त्या गोदाकाठी भरणाऱ्या बाजारात गेल्या. मीही बरोबर होतो, पण लांब बसलो. या दिवसांत नाशिकला भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात. लांब, कोवळी, निळसर सावली हा त्यांचा आजवरचा आधार होता आणि तो निसर्गानेच काढून घेतला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे मंदिराकडे तोंड केले नाही. भाजीवाल्यांनी डोक्यावर छतासारख्या बांधलेल्या निळ्या ताडपत्र्यांकडे केले.

या ताडपत्र्या आमच्या घाटाच्या चित्रांत कधीच नसतात. आम्ही सगळे त्या वगळतो, कारण प्लॅस्टिकचा निळा रंग जुन्या दगडाशी जुळत नाही असे आम्ही ठरवून टाकले आहे. त्या दिवशी ताईंनी थॅलो हा झगझगीत निळा घेतला आणि प्रथमच पाहिले, की ताडपत्रीखाली बसलेल्या बाईच्या कपाळावर निळसर उजेड होता, तिच्या पुढ्यातल्या लिंबांचा पिवळा रंग हिरवट झाला होता आणि सावलीच्या बाहेर राहिलेल्या एका तागडीचे पारडे पातेल्यासारखे पांढरेफटक चमकत होते. पारड्यासाठी त्यांनी कागद सोडला. ताडपत्रीखालचा अंधार त्यांनी भरला तो इतका गडद, की शेजारी उभा राहून पाहणारा एक मुलगा "काकू, काळं झालं सगळं" असे म्हणाला. बाईचा हात रेखाटनात आखूड झाला आणि मान बसली नाही. तरीही पहिल्या अडतीस चित्रांच्या रांगेत ठेवावे असे पाच वर्षांतले ते पहिले चित्र होते.

येथे उन्हाचीही एक तांत्रिक अडचण आली आणि ती अनेकांना उपयोगी पडेल. बरीच प्रात्यक्षिके थंड, दमट हवेच्या देशांतली असतात. तेथे ओल्यात ओला रंग सोडायला पुरेसा अवधी मिळतो. आपल्याकडे मेच्या कोरड्या उन्हात वॉश बघता बघता वाळतो, कडा कडक होतात आणि हौशी माणूस आपल्याला ओले काम जमत नाही असे समजून बसतो. ताईंनी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवला आणि रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले. एवढ्याने वॉशला हवा तेवढा वेळ मिळाला. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या उलट झाले: गंगापूर धरणातून पाणी सोडलेले, घाट बुडालेला, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलेले आणि हवा इतकी ओली की पहिला वॉश वाळेपर्यंत घरी जायची वेळ होई. तेव्हा त्या दोन पाट घेऊन जाऊ लागल्या, एक वाळेपर्यंत दुसरा.

त्यानंतर

पुढचा सगळा प्रवास चढता नव्हता. दिवाळीच्या आसपास सासूबाईंच्या आजारपणामुळे पाच आठवडे रंगपेटी बंद राहिली. मला धाकधूक वाटली. पण त्यांनी कोणाला न विचारता एका संध्याकाळी दवाखान्यातून आणलेल्या स्टीलच्या डब्यापासून पुन्हा सुरुवात केली. घरच्यांना बदल पटकन रुचला नाही. "पूर्वीसारखे मंदिर काढ ना, हे काळे-काळे काय?" असे आत्याबाईंनी विचारले आणि ते ताईंना लागले. गेल्या मार्चअखेरीपासून या फेब्रुवारीपर्यंत वहीत चौऱ्याण्णव कागदांची नोंद झाली. त्यांतले सतरा त्यांनी ठेवले, बाकीचे मागच्या बाजूला सरावासाठी वापरले. भेट म्हणून एकही दिलेले नाही. सेबलचा ब्रश आता उत्तम चालतो. फोटो त्या अजून काढतात, पण केवळ घरी आल्यावर पायऱ्यांची संख्या पडताळण्यासाठी.

एका व्यक्तीच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम सांगता येणार नाही. ज्याने दोनच वर्षे ब्रश धरला आहे आणि ज्याची रेषाच अजून बसलेली नाही, त्याला पातेल्याचा सराव जाचक वाटेल. त्याला रोजचे वीस मिनिटांचे रेखाटन, जे ताईंच्या बाबतीत फसले, तेच कदाचित तारेल. आमच्या गटातले एक निवृत्त गृहस्थ नुकतेच असेच थांबले आहेत. त्यांना मी या खेपेस कोणताही उपाय सुचवलेला नाही. पुढच्या रविवारी त्यांची सगळी चित्रे तारखेप्रमाणे मांडायला त्यांच्या घरी जायचे ठरले आहे आणि ताई आपली वही घेऊन बरोबर येणार आहेत.

त्या वहीतली अखेरची नोंद परवाच्या संध्याकाळची आहे. क्रमांक ३३४, दुतोंड्या मारुती, जागेवर, एक तास दहा मिनिटे. शेऱ्यात लिहिले आहे: "पाणी जमले नाही. मूर्तीच्या मागचा अंधार बरोबर आला. पाण्यात दिवे लागल्यावर हिरवा कोठून येतो ते कळले नाही. उद्या त्याच वेळी परत."